तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालय, गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, शिक्षकांची पतसंस्था किंवा नुसताच चार मित्रांचा गट, कुणीही व्याख्यानमाला भरवू शकतं. अडचणी मात्र सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि प्रश्नही तेच येतात. उत्तरं तालुक्याच्या गावाला धरून दिली आहेत. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित नाट्यगृहात कार्यक्रम करणाऱ्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आम्ही पहिल्यांदाच करतोय. किती दिवसांची माला ठेवावी?

तीन. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली आणि आजही महिनाभर चालते. नाशिकला गोदाकाठी मे महिन्यात चालणाऱ्या मालेनेही शंभरी गाठली आहे. ती उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवून पहिल्याच वर्षी सात दिवसांचा घाट घालू नका. पाचव्या दिवशी कार्यकर्तेच दमलेले असतात आणि खुर्च्या मांडायला कुणी येत नाही. तीन दिवस नीट पार पडले, तर पुढच्या वर्षी लोकच म्हणतात, "अजून दोन वाढवा की."

तारखा कशा ठरवायच्या?

कालनिर्णय समोर घेऊन बसा. आधी लग्नाच्या तिथी खोडा. दाट तिथी असलेल्या दिवशी अर्धं गाव लग्नात असतं, मंगल कार्यालय मिळत नाही आणि मंडपवाला फोन उचलत नाही. म्हणूनच पौष महिना व्याख्यानांना सोयीचा. पौषात लग्नं होत नाहीत, कार्यालयं रिकामी असतात, थंडी असल्याने दोन तास बसायचं जिवावर येत नाही.

यात एक मेख आहे. संक्रांत पौषातच येते आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं, तेही नेमकं संध्याकाळी पाच ते आठ. महिलांनी यावं असं खरंच वाटत असेल तर माला संक्रांतीच्या आत संपवा, नाहीतर वेळ रात्री साडेआठची ठेवा.

मग शाळांची स्नेहसंमेलनं बघा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, त्या टाळा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, कारण व्यापारी त्या रात्री हिशोबाला बसतात. उसाच्या पट्ट्यात असाल तर गळीत हंगामात शेतकरी तोडीच्या पाळीमागे धावत असतो, त्याला सहाची वेळ देऊन उपयोग नाही.

आणि ३ जानेवारी, १२ जानेवारी, २७ फेब्रुवारी, १४ एप्रिल या तारखांना चांगला वक्ता हवा असेल तर सहा-सात महिने आधी फोन करा. सावित्रीबाई, जिजाऊ, मराठी भाषा गौरव दिन, बाबासाहेब. त्या दिवशी बरं बोलणारा प्रत्येक माणूस महाराष्ट्रात कुठे ना कुठे बोलत असतो. जयंतीच्या आगेमागे दोन दिवस धरलेत तर तोच वक्ता निवांत येतो आणि घाईने पुढच्या गावी पळत नाही.

वक्ता कसा निवडायचा?

समितीतल्या निदान एकाने त्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं असावं. मोबाइलवरची दहा मिनिटांची चित्रफीत पाहून कुणाला बोलावू नका. दहा मिनिटं कुणीही रंगवतो, प्रश्न पुढच्या पन्नास मिनिटांचा असतो.

तीनही दिवस इतिहासावर ठेवायचा मोह होतो, कारण टाळ्या हमखास मिळतात. एखादा दिवस तरी गावाच्या आजच्या प्रश्नाला द्या: विहिरींची पातळी, मुलांची लग्नं न जमणं, मधुमेह, सोयाबीनचा भाव, पोरांच्या हातातला मोबाइल. जिल्ह्याच्या रुग्णालयात रोज डायलिसिसचे रुग्ण तपासणारा डॉक्टर नामवंत नसतो, पण त्याच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

क्रम लावताना एक लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी लोक उत्सुकतेने येतात, शेवटच्या दिवशी समारोप म्हणून येतात. पडतो तो मधला दिवस. मोठं नाव मधल्या दिवशी ठेवा.

मानधनाचं कसं विचारायचं? अवघड वाटतं.

पहिल्याच फोनवर सरळ विचारा: "आपलं मानधन किती असतं?" जमत नसेल तर आपला आकडा सांगा. काही वक्ते कमी करतात, काही नम्रपणे नाही म्हणतात, दोन्हीत कुणाचा अपमान नाही. "आमची संस्था छोटी आहे, आपण समजून घ्या" असं म्हणून आकडा हवेत ठेवणं, आणि मग निघताना पाकीट हातात कोंबणं, हे वाईट. वक्त्याने ते गाडीत उघडून पाहावं आणि मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणावं, अशी वेळ आणू नका.

प्रवासखर्च मानधनात धरू नका, तो वेगळा. रात्री परतायचं असेल तर सोबतीच्या माणसाचा किंवा चालकाचा खर्च आणि जेवणही आपलंच. पैसे त्याच रात्री, जेवणाआधी द्यावेत. खात्यावर पाठवणार असाल तर खात्याचा तपशील आधीच मागून ठेवा.

वक्त्याला पत्रात काय काय कळवायचं?

वार आणि तारीख दोन्ही. ठिकाण, आणि शेवटच्या वळणाची खूण. व्याख्यान प्रत्यक्ष किती वाजता सुरू होईल आणि किती वेळ बोलायचं आहे. समोर साधारण कोण असेल: विद्यार्थी, शेतकरी की निवृत्त मंडळी. विषयाचं शीर्षक त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आपण परस्पर छापू नका. ध्वनिचित्रमुद्रण करणार का, पडदा-प्रोजेक्टर आहे का, मुक्काम कुठे. आणि एकाच माणसाचा फोन नंबर. पाच जणांचे दिले की पाहुणा स्टँडवर उभा राहतो आणि पाचही जणांना वाटतं दुसरा गेला असेल.

पैसे कसे उभे करायचे?

खर्चाची मोठी बाब मानधन आणि प्रवास. मग सभागृह, ध्वनी, छपाई, चहापाणी. सन्मानचिन्हं, शाली, हार-बुके यांचा खर्च वेगळा मांडून बघा. पुष्कळ ठिकाणी तो एका वक्त्याच्या मानधनाएवढा भरतो, आणि मग "पैसे नाहीत म्हणून अमुक वक्ते परवडले नाहीत" हे वाक्य म्हणायला जीभ रेटत नाही.

एकेका दिवसाचं यजमानपद कुणीतरी आई-वडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ घ्यावं, ही जुनी रीत आजही चांगली चालते. बदल्यात पत्रिकेवर एक ओळ आणि सुरुवातीला एकदा उल्लेख. देणगीदाराचं पाच मिनिटांचं मनोगत कबूल करू नका.

तुमची संस्था नोंदणीकृत न्यास नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे गावातल्या नोंदणीकृत वाचनालयाला सोबत घेणं आणि त्यांच्या पावतीपुस्तकावर पैसे घेणं. त्या संस्थेला ८०-जी ची मान्यता असेल आणि देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांच्या वरची रक्कम रोखीने घेऊन चालत नाही, हे त्याला आधीच सांगा.

पोलिसांची परवानगी लागते का?

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर लेखी परवानगी लागतेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात आतल्या लोकांपुरता चालतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांत संपतात, तुमच्या मालेसाठी कुणी राखून ठेवत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र असेल तर आणखी कमी. तेव्हा शाळेच्या पटांगणावर करणार असाल तर आधी चौकशी करा.

अर्ज पंधरा दिवस आधी द्या, पोच घ्या, पोच खिशात ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची चिन्हं असतील तर सरकारी किंवा पालिकेच्या सभागृहावर फार विसंबू नका.

सभागृह नाही. पटांगण चालेल?

चालेल, थंडीत कानटोप्या घालून लोक बसतात. फक्त मंडपाची उघडी बाजू वाऱ्याकडे नको आणि व्यासपीठामागे रस्ता नको. मागून जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरकडे श्रोते बघतात.

आवाज नीट ऐकू येत नाही अशी तक्रार दरवर्षी असते.

कारण ध्वनिव्यवस्था वरातीच्या हिशोबाने येते. भाषणाला दणका नको, स्पष्टता हवी. ध्वनिवाल्याला सांगा: कर्णे नकोत, उभे कॉलम स्पीकर आणा, ते वक्त्याच्या पुढे लावा आणि तोंड श्रोत्यांकडे. स्पीकर वक्त्याच्या मागे गेला की त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मग ध्वनिवाला आवाज कमी करतो आणि मागच्या रांगेतून "आवाज वाढवा" सुरू होतं.

तपासणी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणून होत नाही. एकाने पोडियमवर उभं राहून वर्तमानपत्रातला एक अख्खा परिच्छेद वाचावा, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून तो लिहून घ्यावा. जे शब्द चुकीचे लिहिले गेले, तिथे गडबड आहे. रिकाम्या सभागृहात घुमतं, माणसं भरली की घुमणं कमी होतं, तेवढी सूट धरा. माइक तोंडापासून साधारण वीतभर असावा. वक्ते उंच असतील, ठेंगणे असतील, म्हणून माइकची दांडी वरखाली होते ना ते बघा. पुष्कळदा तिचा पेच झिजलेला असतो आणि भाषण चालू असताना माइक हळूहळू मान टाकतो. चिकटपट्टी जवळ ठेवा.

बिनतारी माइक असेल तर नवीन सेल, आणि आणखी एक जोडी सूत्रसंचालकाच्या खिशात. शिवाय एक साधा वायरचा माइक पोडियमखाली, जोडून तयार.

खुर्च्या किती मांडायच्या?

जेवढे येतील असं वाटतं त्याच्या दोन-तृतीयांश. उरलेल्या मागे थप्पी लावून, आणि त्या मांडायला दोन पोरं तयार. दीडशे माणसं शंभर खुर्च्यांच्या सभागृहात आली तर गर्दी झाली म्हणतात, तीच चारशे खुर्च्यांत बसली तर कार्यक्रम पडला म्हणतात.

पहिली रांग "निमंत्रितांसाठी" अडवून ठेवू नका. निमंत्रित येत नाहीत, रांग रिकामी राहते आणि वक्ता रिकाम्या सोफ्यांकडे पाहून बोलतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्या ज्येष्ठांना पुढे बसवा.

प्रसिद्धी कशी करावी?

फलकावर वार, तारीख, वेळ, जागा आणि विषय हे मोठं. वक्त्याचा फोटो मध्यम. समितीच्या सोळा जणांचे फोटो अजिबात नकोत, हे म्हणणं सोपं आणि करणं कठीण, याची कल्पना आहे. रस्त्यावर फलक लावायला पालिकेची परवानगी घ्या. १९९५ च्या मालमत्ता विरूपण कायद्याखाली विनापरवाना फलकावर गुन्हा होऊ शकतो, आणि व्याख्यानमालेच्या नावाने तो होणं शोभत नाही.

व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र पाठवू नका, सोबत तोच मजकूर टाइप करून पाठवा. चित्र गॅलरीत हरवतं, मजकूर शोधता येतो. एक निरोप आठ दिवस आधी, एक त्याच दिवशी दुपारी चारला. वर्तमानपत्रांच्या "आज शहरात" सदराला दोन दिवस आधी चार ओळी द्या. पण गावात सगळ्यात जास्त माणसं येतात ती कुणीतरी नाव घेऊन "या हं" म्हटल्यामुळेच. प्रत्येक कार्यकर्त्याने दहा घरं वाटून घ्यावीत.

कार्यक्रमपत्रिका कशी असावी? आमच्याकडे वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत आठ वाजतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. साडेसहाचा कार्यक्रम सात वाजता सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत. मग व्यासपीठावरच्या नऊ जणांचा सत्कार, त्यातही "यांचा सत्कार यांच्या हस्ते" असं अठरा नावांचं वाचन. मग प्रास्ताविकात संस्थेचा स्थापनेपासूनचा इतिहास. मग परिचय, ज्यात वक्त्याच्या सगळ्या पदव्या, पुरस्कार आणि पुस्तकं. मग अध्यक्ष म्हणतात, "मी फार वेळ घेणार नाही." वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेतल्या बाई दूध तापवायचंय म्हणून उठत असतात.

हे सगळं काढून टाका असं नाही. समारंभाची लोकांना आवड असते आणि दिवा लावल्याशिवाय सुरुवात झाल्यासारखं वाटत नाही. पण त्याला मिनिटं बांधून द्या: दीपप्रज्वलन ३, प्रास्ताविक ४, परिचय ३, वक्त्याचा सत्कार २. म्हणजे बाराव्या मिनिटाला वक्ता माइकसमोर. व्याख्यान ६० मिनिटं, प्रश्नोत्तरं २०, आभार ३. एकूण दीड तासाच्या जरा पुढे.

सत्कार फक्त वक्त्याचा. स्थानिक गुणवंत, दहावीत पहिले आलेले, नुकतेच निवृत्त झालेले, यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम करा, तो त्यांनाही जास्त मानाचा. अध्यक्षीय समारोप ठेवायचाच असेल तर पाच मिनिटं, आणि अध्यक्ष असे निवडा ज्यांना पाच म्हणजे पाच कळतं. नाहीतर अध्यक्षांना सुरुवातीलाच बोलू द्या. चांगल्या व्याख्यानानंतर अर्धा तास दुसऱ्या कुणाचं ऐकावं लागणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे.

दिव्याचं एक. समईच्या वाती तेलात भिजवून, टोकं एकदा पेटवून विझवून ठेवा. काजळी धरलेली वात लगेच पेट घेते. कोऱ्या वातीशी पाहुणे मेणबत्ती धरून झगडतात, छायाचित्रकार "इकडे बघा" म्हणतो आणि तीन मिनिटांची दहा होतात. पंखा तेवढा वेळ बंद करायला एक माणूस बटणापाशी उभा करा.

वेळेवर सुरू केलं तर माणसंच नसतात.

पहिल्या दिवशी नसतात. तीस जण असतील तर तिसांसमोर सुरू करा. दुसऱ्या दिवशी लोक वेळेवर येतात, कारण गावात बोलबाला होतो की इथे खरंच साडेसहाला सुरू होतं. जे वेळेवर आले त्यांना बसवून ठेवून उशिरा येणाऱ्यांची वाट बघितली, तर पुढच्या वेळी वेळेवर कुणी यायचं?

आमदारसाहेब "येतो" म्हणालेत. थांबावं लागेल ना?

थांबू नका. त्यांच्या स्वीय सहायकाला आधीच सांगून ठेवा की व्याख्यान पावणेसात ते पावणेआठ चालेल, साहेबांनी त्याआधी यावं किंवा नंतर प्रश्नोत्तरांच्या वेळी. मध्येच आले तर समितीतला एक जण दारात स्वागत करून पुढच्या रांगेत बसवेल, वक्त्याचं बोलणं थांबवून हार घातले जाणार नाहीत. बहुतेक पुढाऱ्यांना हे चालतं. अडचण त्यांच्यापेक्षा त्यांच्याभोवतीच्या उत्साही मंडळींना असते.

सूत्रसंचालन कुणाकडे द्यावं?

शेरोशायरी न करणाऱ्याकडे.

अर्थात इतकं कडक असायला हवं असं नाही, एखादी ओळ खुलते. पण व्याख्यान संपल्यावर सूत्रसंचालकाने त्याचा गोषवारा पुन्हा सांगू नये. लोकांनी ते आत्ताच ऐकलेलं असतं.

प्रश्नोत्तरांत एकच गृहस्थ दहा मिनिटं बोलतात. काय करावं?

प्रत्येक गावात असे गृहस्थ असतात आणि ते नियमित श्रोतेही असतात, म्हणून दुखवून चालत नाही. चिठ्ठ्या वाटा. व्याख्यान सुरू होताना कोरे कागद आणि चार-सहा पेन फिरवा, शेवटी गोळा करा, सूत्रसंचालकाने सारखे प्रश्न एकत्र करून वाचावेत. चिठ्ठीत भाषण मावत नाही. शिवाय जे उभं राहून विचारायला लाजतात, विशेषतः मुली, त्या चिठ्ठीवर फार चांगले प्रश्न लिहितात. फिरता माइक ठेवणार असाल तर तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात देऊ नका, कार्यकर्त्याने धरावा.

वक्त्यांना पडद्यावर काही दाखवायचंय.

फाइल आदल्या दिवशी मागवा आणि आपल्याच संगणकावर उघडून बघा. जुन्या मराठी फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. तो फॉन्ट आपल्याकडे नसला की "शिवकालीन जलव्यवस्था" ऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ करून मागवलीत तर हा प्रश्न येत नाही. पडदा दिसावा म्हणून सगळे दिवे घालवू नका, वक्त्याच्या चेहऱ्यावर एक ठेवा.

व्याख्यान रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं तर चालेल?

वक्त्याची लेखी संमती घेऊन. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात व्याख्यान देणारा माणूसही गायक-नटांसारखा "सादरकर्ता" मानला आहे, आणि जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो. आपण मानधन दिलं, सभागृह आपलं, म्हणून रेकॉर्डिंग आपलं होत नाही. कित्येक वक्ते तोच विषय वर्षभर गावोगाव मांडतात, त्यांना ते जालावर नको असतं. काहींना हवं असतं. विचारायला एक ओळ पुरते, व्हॉट्सॲपवरचा "हो" सुद्धा जपून ठेवा.

आवाज मोबाइलच्या माइकने घेऊ नका, ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून वायरने घ्या. चित्र अंधुक असलं तरी लोक ऐकतात, आवाज घुमला तर दोन मिनिटांत बंद करतात.

महिला कमी येतात.

आधी स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे आहे ते बघा. गावातल्या पुष्कळ सभागृहांत महिलांचं स्वच्छतागृह असतं, पण कुलूपबंद. शिपाई सहाला घरी गेलेला असतो आणि किल्ली त्याच्या घरच्या खुंटीला. ते उघडं, दिवा लागणारं आणि पाणी येणारं असलं पाहिजे. दुसरं, वेळ. साडेसहा म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ. रात्री साडेआठ ते साडेनऊ-पावणेदहा केलंत तर जेवणं उरकून बायका येतात, पण मग परतीला रस्त्यावर दिवे आणि सोबत हवी. तिसरं, समितीत बायका किती? फक्त रांगोळी आणि औक्षणापुरत्या बोलावत असाल तर उत्तर तिथेच आहे.

वीज गेली, पाऊस आला किंवा वक्ताच आला नाही तर?

वीज: जनरेटर परवडत नसेल तर निदान ध्वनिवर्धक आणि दोन दिवे इन्व्हर्टरवर ठेवा. चालू होतो ना, हे आदल्या दिवशी वीज बंद करून बघा. वायरी जमिनीवरून नेल्यात तर त्यांवर चिकटपट्टी लावा, ज्येष्ठ माणसं अंधारात अडखळतात.

पाऊस: एप्रिल-मे मध्ये अवकाळी ठरलेला, म्हणून पटांगणावरच्या उन्हाळी मालेला जवळचं एखादं छप्पर बोलून ठेवा आणि जागा बदलली तर कुठे हे पत्रिकेवरच छापा.

वक्ता: गावातला किंवा शेजारच्या गावातला एक जण राखीव ठेवा, आणि त्याला तसं स्पष्ट सांगूनच ठेवा. त्याला तिन्ही दिवस सन्मानाने बोलवा. वेळ आली नाही तर पुढच्या वर्षी त्याचंच व्याख्यान ठेवा. आणि कुणाला बरं वाटेनासं झालं तर १०८ वर फोन कोण करणार आणि रुग्णवाहिकेला फाटकाशी कोण उभं राहणार, ही दोन नावं कागदावर असू द्यात.

विषयावरून किंवा वक्त्यावरून कुणी विरोध केला तर?

घाबरून लगेच रद्द करू नका आणि ईर्ष्येला पेटून फलकही मोठे करू नका. विरोध करणाऱ्यांना चहाला बोलवा, त्यांचं म्हणणं ऐका, प्रश्नोत्तरांत विचारा म्हणून सांगा. लेखी निवेदन आलं तर पोलीस ठाण्यात स्वतःहून जाऊन माहिती द्या. वक्त्याला लपवून ठेवू नका, त्यांना कळवा. यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. वक्त्याला "जरा जपून बोला" असं सांगणार असाल तर मुळात त्यांना बोलावलंच कशाला, हा विचार निमंत्रणाआधी व्हायला हवा होता.

पाहुण्यांच्या जेवणाचं?

व्याख्यानाआधी चहा, हलका फराळ, कोमट पाणी. ताक, लोणचं, बर्फाचं काही नको, घसा धरतो. जेवण नंतर. साधं: भाकरी, पिठलं किंवा एखादी भाजी, वरणभात. वक्ते महिनाभर गावोगाव फिरत असतात, प्रत्येक गाव त्यांना श्रीखंड-पुरी आणि तेलाची तर्री आलेली आमटी वाढतं. पथ्य विचारा, मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका. आणि जेवताना वीस जणांनी भोवती बसून सेल्फी काढू नयेत. बोलून दमलेल्या माणसाला गप्प बसायचं असतं. मुक्काम घरी असो वा लॉजवर, खोली तळमजल्याची आणि कमोडची सोय असलेली बघा.

माणसं फारच कमी आली तर?

सगळ्यांना पुढे बोलवा, खुर्च्या अर्धवर्तुळात घ्या, पोडियम सोडून वक्त्यांना खाली त्यांच्या समोर बसायची विनंती करा. आलेल्यांसमोर न आलेल्यांबद्दल तक्रार करू नका: "एवढ्या मोठ्या वक्त्याला गावाने प्रतिसाद दिला नाही, याची खंत वाटते" हे आलेल्या चाळीस जणांनी का ऐकून घ्यावं?

आम्ही परदेशातलं महाराष्ट्र मंडळ आहोत. वक्ता पुण्यातून ऑनलाइन बोलणार आहे.

वेळ भारतीय वेळेत लिहून पाठवा, सोबत तारीखही, कारण तुमची शनिवारची रात्र त्यांची रविवारची सकाळ असते. न्यूयॉर्क आणि भारतात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊचा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात त्या आठवड्यांत हमखास गोंधळ होतो. वक्त्याला पडद्यावर नुसती नावं दिसली तर बोलायला हुरूप येत नाही, दहा-बारा जणांनी तरी कॅमेरा सुरू ठेवावा.

माला संपल्यावर काय काय करायचं राहतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वक्ते सुखरूप पोचले का, हा फोन. चार-पाच दिवसांत आभाराचं पत्र, त्यात श्रोत्यांनी केलेला एखादा प्रश्न किंवा नंतर आलेली प्रतिक्रिया लिहा, नुसतं "आपल्या ओजस्वी वाणीने" नको. आठवड्याभरात जमाखर्च लिहून वाचनालयाच्या फलकावर लावा, पावत्यांसकट. देणगीदार तो वाचतात आणि पुढच्या वर्षी विचारायला गेलं की दारातच हो म्हणतात.

मग समितीची एक बैठक, महिना उलटायच्या आत, तपशील ताजा असताना. कोणत्या दिवशी किती माणसं होती, कोणत्या मिनिटाला वक्ता उभा राहिला, ध्वनिवाला पुन्हा घ्यायचा का, हे वहीत लिहून ठेवा. त्याच बैठकीत पुढच्या पौषातल्या तारखा ठरवून सभागृहाची आगाऊ रक्कम भरून टाका.